दोनशे बाराचे दोन दगड

तीर्थरूप बाबा,

बॉनेटवर कागद ठेवून लिहितेय. वाकून नमस्कार घरी आल्यावर. जुन्या महामार्गाने निम्मं राज्य पार केलं. गाडी गुणी आहे, तापली दोनदाच. आईला सांगू नका.

तुम्ही नोकरीत रंगवलेले मैलाचे दगड अजून उभे आहेत. नवा रस्ता झाल्यापासून त्यांना कुणी हात लावलेला नाही. माझ्या जन्माचा निरोप आला आणि तुम्ही सलग दोन दगडांवर २१२ लिहिलंत, ही मला थापच वाटायची. आज दोन्ही सापडले! चूक सुधारायला दिलेला रंग तसाच परत आणतेय.

हात अजून कापतो का? लाजून चमचा खाली ठेवू नका. दुसऱ्या २१२च्या रेघाही थरथरल्यात, बाबा. त्या दिवशी तर तुम्हाला कुठला आजारही नव्हता.

तुमचीच,
धाकटी