आमची काही हरकत नाही

३ नोव्हेंबर, सोमवार
आमच्याच घराचा कायदा बदलून राहिले अन् आमालेच कोणी विचारलं नाही. पेपरात आतल्या पानावर, तेरवीच्या जाहिरातीखाली, मुंगीएवढ्या अक्षरात छापलं. वहीत रोजचं राम राम लिहिणं मागून. आधी हे लिहून घेते.

मसुदा असा: तीस वर्षांच्या वरची बिल्डिंग, अन् निम्म्याहून जास्त घरं हो म्हणाली, की बाकीच्यांनी सामान बांधायचं. बिल्डर पाडणार, पाच वर्षांनी नवीन घर देणार. मी चौऱ्याहत्तरची. पाच वर्षं भाड्याच्या खोलीत काय अंडे उबवू? आमची संत्राबाग अपार्टमेंट छत्तीस वर्षांची. म्हणजे नेम आमच्यावरच.

लोकांनी महिनाभरात ‘हरकती व सूचना’ पाठवाव्या म्हणे. पाठवते. चौथीच शिकली मी, पण कायदा काही आभाळातून पडत नाही, माणसंच लिहितात. माणसं कशी वळवायची हे मले कोणी शिकवू नये.

ठराव: महिन्याभरात कायदा सरळ करणे.

६ नोव्हेंबर
गच्चीवर मीटिंग. चोवीस घरांतून अकरा जण आले, त्यातले सहा चहासाठी. अध्यक्ष कोण म्हटलं तं सगळे आपापल्या चपला पाहू लागले. म्हणून एकमतानं मी. सेक्रेटरी दुसऱ्या मजल्यावरचा धर्मपाल, कोर्टातून रिटायर झालेला. माणूस चांगला, पण हसत नाही.

अकोल्याच्या फ्लॅटवाल्यांच्या महासंघाचे देवानंदजी फोनवर म्हणे, आमदारांची समिती दोन डिसेंबरले अमरावतीत सुनावणी घेणार, पत्र आधी पाठवा, कडक लिहा. कडक! अकोल्याचं ऊन डोक्यात गेलं यांच्या.

९ नोव्हेंबर
पत्र मी सांगितलं, धर्मपालनं टाइप केलं. सुरुवात अशी: “कायदा करा साहेब, आमची काही हरकत नाही. फक्त आम्हाला घरातून काढू नका.”

धर्मपालचे हात थांबले. म्हणे, काकू, पहिलं वाक्य काढा. तिथं अख्खं पत्र कोणी वाचत नाही. हरकत आहे का नाही एवढं पाहून गठ्ठे लावतात. मी म्हटलं, बाबू, तेरा पोरींची लग्नं जमवली मी. समोरच्याले आधी म्हणायचं, तुमी म्हणाल तसं, आमची हरकत नाही. मग हळूच आपलंच करून घ्यायचं. त्यानं चष्मा पुसला. मी विचारलं, अध्यक्ष कोण? त्यानं टाइप केलं.

तेवीस घरांच्या सह्या झाल्या. शेजारची माणिकबाई, तिचा नवरा लकव्यानं दोन वर्षं खाटेवर. ती म्हणे, माय, यांले घेऊन मी कुठं जाऊ? मी म्हटलं, सही कर, बाकी मी पाहते. तिनं न वाचता केली. चोविसावा धर्मपाल. त्यानं वेगळा कागद लावला. दोन शब्द: “हरकत आहे.” एवढा शिकलेला माणूस, ना मायना, ना नमस्कार.

१४ नोव्हेंबर
दोन माणसं टेपनं अंगण मोजून गेले. कोणी पाठवलं विचारलं तं एकानं नुसतं माझ्याकडं पाहिलं. मोठ्या ऑफिसची माणसं कमीच बोलतात. पत्राचा असर इतक्या लवकर होईल असं वाटलं नव्हतं.

१८ नोव्हेंबर
सकाळी पाहते तं दारांवर लाल रंगात आकडे. माझ्या दारावर एक. अध्यक्षाचा पहिला, बरोबरच आहे. धर्मपालच्या दारावर आकडा नाही, फुली आहे. मी त्याले म्हटलं, पाहा, उद्धटपणाची नोंद होते.

२१ नोव्हेंबर
तिसऱ्या मजल्यावरची रागिणी टेम्पोत सामान भरून गेली. चावी तिनं गाडीत बसलेल्या कोणाले तरी दिली. काच काळी, तोंड दिसलं नाही. जाता जाता मले म्हणे, काकू, तुमचं पत्र त्यांनी दाखवलं, सगळेच तयार आहेत तं आमी एकटेच काहून अडून बसावं? कोण ‘त्यांनी’, कशाले तयार, काही पत्ता लागला नाही. पोरगी पहिल्यापासून अर्धवट बोलते.

२५ नोव्हेंबर, दुपारी ३
फोन. गोड आवाज, इकडचा नाही. माझं नाव, वय, गुडघे, सगळं माहीत. सहकार्याबद्दल आभार म्हणे. ठेवता ठेवता म्हणे, जिना जपून उतरत जा.

मी तळमजल्यावर राहते. येडं कुठलं.

दाराची कडी दोनदा पाहिली. वारा सुटला आहे म्हणून.

२८ नोव्हेंबर
मशीन आणून खालच्या खांबातून सिमेंटचा गोल तुकडा काढून नेला. सॅम्पल म्हणे. भोक तसंच ठेवलं. माणिकबाई म्हणे, त्यातून मुंग्या निघून राहिल्या, अंडी तोंडात धरून. मी म्हटलं, मुंग्याईले काय अक्कल आहे?

भाषण पाठ झालं. नऊ मिनिटं. घाई केली तं सात.

२ डिसेंबर
सुनावणी. देवानंदजी अकोल्याहून पंधरा जण घेऊन आले. चपराशी यादी वाचून एकेकाले आत सोडून राहिला. संत्राबाग म्हटलं, मी उठली. तो म्हणे, धर्मपाल कोण? मी म्हटलं, अध्यक्ष मी आहे. त्यानं यादीवर बोट ठेवलं. संत्राबाग: हरकत एक, हरकत नाही तेवीस. म्हणे, आजी, तुमची हरकत नाही ना? मग बसा. बोलायचं कामच नाही तुमाले.

देवानंदजी चष्म्याची डबी उघडत अन् बंद करत बसले.

धर्मपाल बाहेर आला. म्हणे, काकू, मी सगळ्यांसाठी बोललो. ते म्हणाले, मग तेवीस सह्या कशाच्या?

यादी करणाऱ्याची चूक आहे. दुरुस्तीचं पत्र उद्या.

५ डिसेंबर
पत्र झालं नाही. गुडघा.

घरोघरी बिल्डरचा कागद आला. बहुमत मिळालं, कायदा पास होताच घरं खाली करायची, तयारीत राहा. मागं माझ्या पत्राची झेरॉक्स. पहिलं वाक्य आहे. दुसरं वाक्य कापलं. खाली तेवीस सह्या, सगळ्यात वर माझी.

माणिकबाई तासाभरापासून माझ्या दाराबाहेर उभी आहे. रडत नाही. एवढंच विचारते, कधी निघायचं ते तं सांग, मले अँब्युलन्स सांगा लागते.

मी कडी काढली नाही. टाइप कोणी केलं? धर्मपालनं. कागदपत्राचं काम सेक्रेटरीचं. माणिकबाईले जवाब धर्मपालनंच द्यावा, आत्ताच्या आत्ता. अध्यक्षांचा हुकूम आहे.