चतकोर भाकरी

५ फेब्रुवारी १९८९, अंबरनाथ

सामान लागलं. मालिनीच्या बंगल्यामागच्या दोन खोल्या तिनं पत्रात लिहिल्यापेक्षा बऱ्या निघाल्या. ओट्यावर भरपूर उजेड, मोरी स्वच्छ, आणि मागे चिक्कूच्या झाडाखाली कुत्र्यांना लोळायला ऐसपैस जागा. तांबू आणि राणी टेम्पोतून उतरले ते थेट तिथं जाऊन पसरले. बघणाऱ्याला वाटावं, भाडेकरू ते दोघे आणि मी त्यांची मोलकरीण.

शाळेतून निवृत्त झाल्यावर सांगलीत एकटीनं राहण्यात अर्थ नव्हता, आणि दोन गावठी कुत्र्यांसकट बाईला खोली द्यायला कुणी तयार होत नाही. मालिनीनं मात्र स्वतःहून लिहिलं, की कुत्री मागे टाकून आलीस तर दारात उभी करणार नाही. कॉलेजात असताना होस्टेलच्या एका खोलीत आम्ही चार वर्षं काढली. तेव्हापासून ती अशीच, मोठ्या मनाची. तिला स्वतःला कुत्र्यांची भीती. जन्मात एक पाळलं नाही म्हणते. तरी माझ्यासाठी एवढं केलं.

तिचे यजमान श्यामकांतराव इथल्याच एका कारखान्यात ऑफिसर होते. गेल्या पावसाळ्यात हृदयविकारानं गेले. आता घरात ती आणि मुलगी वृंदा. वृंदा दिसायला चांगली, पण उतरली आहे. उकडत असूनही मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाउज घालते. मी टोकलं तर मालिनी म्हणाली, फॅशन आहे. असेल.

१२ फेब्रुवारी

उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये जाऊन लोखंडी कपाट आणलं. सिंधी दुकानदार भाव सोडेना. मी पाठ फिरवल्यावर मागून म्हणाला, "दीदी, एवढा गुस्सा कपाटावर कशाला? त्याला कुलूप आहे, तो पळून जात नाही." मला हसू आलं आणि तिथंच मी हरले.

इथली घडी बसत चालली. वालधुनीच्या बाजूनं वारा आला की कारखान्यांचा आंबूस वास येतो, पण मी आयुष्यभर प्रयोगशाळेत वावरले आहे, मला त्याचं काही नाही. मालिनीकडे सकाळची पहिली भाकरी कुत्र्याच्या नावानं काढायची पद्धत आहे. पूर्वी गल्लीतल्या कुत्र्यांना घालायचे, आता वृंदा चतकोर भाकरी घेऊन इकडे येते आणि आपल्या हातानं दोघांना वाटून देते. "उमामावशी, ही दोघं माझीच वाट बघतात," म्हणते. खरंच बघतात.

२४ फेब्रुवारी

दोन्ही कुत्र्यांच्या पोटावर लाल चट्टे आलेत. राणी रात्रंदिवस अंग चाटते. तांबूच्या मांडीवरचे केस गेले. पिसवा नाहीत, गोचीड नाही. कंगव्यानं केस न् केस पाहिला. कडुलिंबाच्या पाण्यानं आंघोळ घातली. उपयोग शून्य.

३ मार्च

बदलापूरला गुरांच्या दवाखान्यात गेले. हिंदुराव नावाचे कोल्हापूरकडचे डॉक्टर आहेत, बोलायला मोकळे. त्यांनी पात्यानं कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि मलाही पाहू दिली. खरजेचे किडे नाहीत. बुरशी नाही. म्हणाले, अंगाला किंवा पोटाला काहीतरी सोसत नाही. एकेक गोष्ट बंद करून बघायची, दोन गोष्टी एकदम बदलायच्या नाहीत. "कुत्रं काय खाल्लं ते सांगत नाही, आणि मालक सांगतो ते खरं नसतं. म्हणून वेळ लागतो, बाई."

मी त्यांना सांगितलं, की ही पद्धत मी मुलींना तीस वर्षं शिकवली आहे.

१९ मार्च

साबण बंद केला. फरक नाही. अंथरायला कारखान्यातली पोती होती ती जाळली, माझं जुनं लुगडं घातलं. फरक नाही. नळाचं पाणी उकळून गाळून दिलं. चिक्कूखालचं गवत उपटलं. दूध बंद, मग अंडं बंद, आता नुसता भात. चट्टे पसरतच आहेत. राणीच्या पाठीवरची कातडी जाड, काळपट झाली आहे आणि तिला वास येतो.

वृंदाची तब्येत मात्र मी इथं आल्यापासून सुधारते आहे. गालांवर रंग आला. तिचं डोंबिवलीच्या एका स्थळाशी जमतं आहे. मालिनी खुशीत आहे.

२६ मार्च

पुन्हा हिंदुरावांकडे. या वेळी कागदावर पत्ता लिहिताना ते थांबले. म्हणाले, हा बंगला माझ्या ओळखीचा. गेल्या पावसाळ्यापासून या घरातून माझ्याकडे बरीच कुत्री आली, सगळी अशीच, एकही जगलं नाही. आणणारी बाई नाव मालिनी सांगायची.

मी घरी येऊन मालिनीला सरळ विचारलं. डोळ्याला डोळा न देता ती म्हणाली, डॉक्टरांचा काहीतरी घोटाळा होतोय. मग उठून चहा टाकायला गेली. ती खोटं बोलताना कशी दिसते हे मी होस्टेलवर असताना पाहिलं आहे. फक्त तेव्हा ती वॉर्डनशी खोटं बोलायची, माझ्यासाठी.

२७ मार्च

आज एक गोष्ट लक्षात आली आणि स्वतःचाच राग आला. सगळं बंद केलं, सकाळची ती भाकरी कधीच बंद केली नाही. शेजारच्या घरून मायेनं आलेला घास मी खाण्यात मोजलाच नव्हता. मुलीनं वहीत अशी चूक केली असती तर मी पान फाडलं असतं.

आता तांबू सकाळी आतल्या खोलीत कोंडलेला. राणीला भाकरी मिळेल, त्याला नाही. बाकी सगळं दोघांचं सारखं.

७ एप्रिल

तांबूचे चट्टे सुकले. मांडीवर बारीक केस उगवत आहेत.

राणी उठत नाही. भाकरी परवाच बंद केली, पण उशीर झाला. मी बंद करताच वृंदानं कुंपणाबाहेरच्या कुत्र्यांना हाका मारल्या. एकही जवळ आलं नाही.

९ एप्रिल

राणी गेली. चिक्कूखाली पुरली. खड्डा मीच खणला.

१० एप्रिल

सकाळी लवकर न सांगता मालिनीच्या स्वयंपाकघरात गेले. वृंदा पाटावर बसलेली, शेजारी मलमाची वाटी, ब्लाउजच्या बाह्या खांद्यापर्यंत वर. दोन्ही दंडांवर तेच. काळपट, जाड, चिरा पडलेलं. राणीच्या पाठीवर होतं तेच. मालिनी पहिली भाकरी तिच्यावरून उतरवत होती.

उतारा! बी.एस्सी. झालेली बाई! आजारी मुलीला डॉक्टरकडे न्यायचं सोडून तिचं दुखणं भाकरीत उतरवून माझ्या कुत्र्यांना चारत होती. म्हणून कुत्र्यांसकट बोलावणं. मी तोंडाला येईल ते बोलले. सांगितलं, की पोरीच्या अंगाला मलम चोपडतेस, त्याच हातानं भाकरी थापतेस, ते विष माझ्या राणीच्या पोटात गेलं; बाकी उतारा वगैरे सगळी थोतांडं. वृंदा खाली मान घालून बसली होती. मालिनी रडत एवढंच म्हणत होती, की तुला कळायचं नाही, यात खरंच काही असतं.

मी ताटलीतला तो चतकोर उचलला. म्हटलं, असतं ना? मग बघ.

मालिनीनं माझा हात धरला. "नको, उमा. खाऊ नकोस. तुला माझी शपथ."

मी हात सोडवून घेतला आणि तिच्यासमोर उभी राहून सगळा तुकडा खाल्ला. मलमाच्या कणानं एवढ्या मोठ्या बाईला काय होणार? थोडा खारट लागला. मालिनीनं तोंडाला पदर लावला आणि हुंदके दिले. शरम वाटली असेल. वाटायलाच हवी.

महिनाअखेर दुसरी जागा बघते.

१४ एप्रिल

कोपराच्या आत खाज. उन्हाळा आहे. घामोळं असेल.

१७ एप्रिल

घामोळं नाही. दोन्ही कोपरांत, पोटावर, कमरेला. लाल, गोल, कडा उचललेल्या.

कल्याणच्या त्वचेच्या डॉक्टरांनी इसब सांगितलं, मलम दिलं. माझा मीच हिशेब लावते आहे. मी काय बदललं? साबण तोच, पाणी तेच, कपडे तेच. एकच गोष्ट नवी. एकदाच.

वृंदा आज बिनबाह्यांचा ब्लाउज घालून अंगणात केस वाळवत होती. दंड स्वच्छ. डागसुद्धा नाही. मला पाहून आत गेली.

२१ एप्रिल

मलम निरुपयोगी. कातडी जाड होते आहे. चव गेली. जिना चढताना — इथं जिना नाही, दोन पायऱ्या आहेत. त्या चढताना दम लागतो.

तिकडे सनई लावून बघताहेत. टेपवर. साखरपुड्यासाठी.

मालिनी माझ्यासाठी ताट पाठवते. गोडधोड. पाठवते, स्वतः येत नाही.

२३ एप्रिल

आज मीच गेले. भिंतीला धरून. तिनं दार उघडलं, आत घेतलं नाही. अंगणातच बोललो. म्हणजे ती बोलली. शांतपणे, बाजाराला काय आणायचं ते सांगावं तसं.

कुत्र्यांत फार दिवस राहत नाही म्हणाली. कुत्रं मेलं की परत पोरीच्या अंगावर. माणसानं खाल्लं तर टिकतं. श्यामकांतरावांनी खाल्लं होतं, लेकीसाठी, आपणहून. ते होते तोवर वृंदाला काही नव्हतं. हृदयविकार नव्हता तो.

राजीखुशीनं खावं लागतं म्हणाली. फसवून, चोरून घातलेलं लागू होत नाही.

मी म्हटलं, मला तर तू नको म्हणालीस. शपथ घातलीस.

"खा म्हटलं असतं तर तू खाल्लं असतंस, उमा? तुला मी ओळखते गं. नको म्हटलं की तू करतेस."

चार वर्षं एका खोलीत. माझी प्रत्येक सवय तिला पाठ आहे. ती सांभाळून ठेवली तिनं — एवढी वर्षं —

मी विचारलं, तू का नाही खाल्लंस?

ती म्हणाली, "मला तिचं लग्न बघायचंय."

मग म्हणाली, ऊन लागेल, आत जा.

२६ एप्रिल

पाय धरत नाहीत. वही मांडीवर ठेवून लिहिते. मला वास येतो. राणीला येत होता तोच.

तांबूच्या अंगावर दाट केस आलेत. चकाकतो. दिवसभर दारात बसून असतो. मी कण्हले की कान टवकारतो.

मी या सगळ्यावर विश्वास ठेवत नाही. लिहून ठेवते — विश्वास ठेवत नाही.

२८ एप्रिल

कुत्र्यांत फार दिवस राहत नाही. ती म्हणाली. फार दिवस. पण काही दिवस राहतं. तेवढ्यात उठता येईल, टेम्पो बोलावता येईल, सांगलीला —

छे.

२९ एप्रिल

पीठ मळलं. उभं राहवेना, खाली बसून स्टोव्ह पेटवला. एकच भाकरी.

माझ्यावरून मीच उतरवली. तीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या बाईनं. हात आपोआप फिरला, कुणी शिकवावं लागलं नाही.

चतकोर वहीच्या कडेला ठेवला आहे. तांबू उठून आला. याची समजूत घालायला नको, शपथ घालायला नको. हा माझ्या हातचं काहीही खातो.

भाकरीकडे बघत नाही. माझ्याकडे बघतो आहे. पूर्ण विश्वासानं — मी मालिनीकडे असंच —

जा म्हटलं. जा, तांबू. गेला नाही. हाताला नाक लावलं.

मी हात मागे घेते आहे, तो पुन्हा चतकोराकडे

माझा हात