चौकातला फ्लेक्स

१३ जानेवारी, सोमवार

तीच बाई पुन्हा! टीव्ही कधीही लावा, ओट्यावर बसून ऊर बडवते आहे. तिचा मुलगा परवा काश्मीरात चकमकीत मेला. एकोणीस वर्षांचा. त्याचा शाळेतला फोटो दाखवतात, गळ्यात टाय, भांग पाडलेला. हातातली रायफल कोणी दाखवत नाही. म्हणे कोवळा पोरगा! म्हणे कथित बंदूकधारी! अतिरेकी म्हणायला जीभ जड होते यांची.

त्याच चकमकीत आपले दोन जवान गेले. त्यांची नावं खालच्या पट्टीत सरकली, सोन्याच्या भावाच्या जरा आधी. मी चष्मा लावेपर्यंत गेलीसुद्धा.

आमचा हर्षल त्याच भागात आहे. चार दिवस फोन नाही. छबूला म्हटलं, रेंज नसेल. म्हणाली, "मला नगा शिकवू. फौजीची बायकू हाय मी, आता फौजीची आईबी हाय."

१४ जानेवारी, संक्रांत

फोन आला! "आप्पा, मी बरा आहे. अजिनाथपण बरा आहे."

अजिनाथ त्याच्याच पलटणीतला. मी विचारलं, तुमचीच टीम होती का? म्हणाला, हो. पहिली गोळी दारातून आली. पुढचे दोघे जागेवर पडले. मग याने मारली. "माझ्याच गोळीनं पडला तो, आप्पा." आवाज अगदी सपाट. वर मानवाधिकारवाल्यांनी तक्रार केली आहे, चौकशी लागणार म्हणे.

मी एवढंच म्हणालो, नीट जेव, झोप काढ, बाहेर कोणाशी बोलू नकोस. छबूलाही बजावलं, हळदीकुंकवाला जाशील तिथे तोंड उघडू नकोस. ती नाही बोलली.

मीच बोललो. संध्याकाळी माझा जुना दोस्त रामहरी तिळगूळ घ्यायला आला, आणि माझ्या पोटात राहिलं नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

रामहरीला हर्षलचा फोटो हवा. वर्दीतला, रायफलसकट. त्याचं पारनेरला एसटी स्टँडसमोर फ्लेक्सचं दुकान आहे, त्यामुळे त्याला जगात जे घडेल त्याचा फ्लेक्स दिसतो. आमच्याकडे पोरगा दहावी झाला की फ्लेक्स, बैल शर्यतीत पहिला आला की फ्लेक्स, म्हातारा वारला तर दहाव्यालाही फ्लेक्स. खाली शुभेच्छुकांची रांग, प्रत्येकाचा मोबाईल नंबर.

नाही म्हणून सांगितलं. फौजेत पहिला धडा हाच देतात. कोण, कुठे, कोणत्या पलटणीत, हे बाहेर सांगायचं नाही. मी स्वतः रंगरुटांना हे घोकून घेतलंय.

"फौजी, तू लई घाबरट झाला गड्या," म्हणाला. होऊ दे.

१८ जानेवारी, शनिवार

आज डोकं फिरलं. टीव्हीवर चर्चा होती. एक गृहस्थ, शाल नीट घडी करून खांद्यावर, म्हणाले, "जवानांना माणूस मारायचा परवाना दिलाय का?" समोर एक माजी कर्नल. त्यांनी तोंड उघडलं की निवेदिका त्यांना तोडायची. गृहस्थांना मात्र पाहिजे तेवढा वेळ! मी टीव्हीला शिव्या दिल्या. छबू आतून म्हणाली, "त्याला ऐकू येत न्हाई, मला येतंय."

परवाना! एक कोंबडी चोरली म्हणून एका जवानाला कंपनीसमोर उभं करून कॅप्टनने सोलून काढलेला मी पाहिलाय. चूक झाली तर पलटण सोडत नाही, आणि सोडूही नये. चौकशीची भीती मला नाही. पण चौकशीआधीच निकाल कोणी लावला? माझ्या पोराने अंधाऱ्या दारासमोर पापणी लवेपर्यंत जे ठरवलं, त्यावर हे लोक चहा पीत तासभर बोलणार!

माणसाचे हक्क मलाही मान्य आहेत. पण मग सगळ्यांचे धरा. मी काश्मीरात होतो तेव्हा आमच्या पोस्टखाली चहाचं दुकान चालवणारा म्हातारा होता, आम्ही त्याला चाचा म्हणायचो. फौजींना चहा देतो एवढ्यावरून अतिरेक्यांनी त्याला मशिदीतून परतताना रस्त्यात मारला. त्याच्या हक्काचा अहवाल कोणी लिहिला? मेणबत्ती कोणी लावली? आम्हीच चार जणांनी त्याचं दुकान आवरलं.

आणि बिभीषण! पाथर्डीचा माझा जोडीदार. गाडी सुरुंगावर गेली. पेटीत काय भरलं ते मला माहीत आहे, कारण मीच भरलं. त्याची बायको लंकाबाई पेटीला धरून म्हणत होती, "एकदा उघडून दावा, भाऊजी." मी दाखवली नाही. तिच्या दारात एक कॅमेरा आला नाही. पोटात पोर होतं तिच्या. ते पोर म्हणजे हा अजिनाथ. बापाच्या आणि माझ्या पलटणीतच भरती झाला, आज हर्षलच्या शेजारी झोपतो. हे सांगा ना टीव्हीवर!

रात्रीच्या बातम्यांत परत ती बाई. त्याची आई साऱ्या देशाने बघायची, आणि आमचं पोरगं कोणी बघायचं नाही?

रामहरीला फोटो पाठवला.

२० जानेवारी, सोमवार

लागला फ्लेक्स. चौकात, पाण्याच्या टाकीला टेकून, दोन माणसं उंच. हर्षल रायफल घेऊन, मागे डोंगर, डोंगराच्या बाजूला वाघाचं तोंड. "पारनेरचा ढाण्या वाघ". पलटणीचं नाव ठळक लाल अक्षरात. खाली माझा फोटो, मोबाईल नंबर, आणि "माजी सुभेदार आप्पासाहेब".

मी हवालदार म्हणून निवृत्त झालो. रामहरीला सांगितलं. "आरं, सुभेदार भारी दिसतंय! तुला कोन कागद मागनार हाय?" खरं सांगायचं तर मलाही बरं वाटलं. राहू दिलं. छबूने पदर तोंडाला लावला. "बढती मिळाली म्हना की. पेन्शन वाढंल का?"

पोरं फ्लेक्ससमोर उभी राहून फोटो काढतात, मोबाईलवर टाकतात. मी तीनदा चौकात जाऊन आलो. काम काही नव्हतं.

२२ जानेवारी, बुधवार

टीव्हीवाली आली होती. मी कांद्याला पाणी द्यायला गेलेलो. गोड मुलगी म्हणे, छबूला मावशी मावशी केलं, पाया पडली. छबूने चहा दिला. विचारलं, त्या आईला बघून काय वाटतं? छबू जे बोलली ते मला जसंच्या तसं सांगितलं तिने. "म्हन्लं, तिचंबी प्वार गेलं, आईच हाय ती, वाईट वाटतं. पन माझ्या पोरानं मारला नसता तर दोनाच्या जागी तीन पेट्या आल्या असत्या, त्यातली येक माझ्या दारात. तवा माझ्या पोराचं काय चुकलं, म्हन्लं."

एवढं नेमकं मला तासभर ओरडून जमलं नसतं. मी तिला तसं म्हणालो नाही. आता वाटतं, म्हणायला हवं होतं.

२३ जानेवारी, गुरुवार

कापलं! "तिचंबी प्वार गेलं, आईच हाय ती, वाईट वाटतं." बस्स, तिथेच कापलं. खाली मोठ्या अक्षरात, "जवानाच्या आईलाही पश्चात्ताप?" आणि मग आपला फ्लेक्स. हर्षलच्या तोंडाभोवती लाल गोल. पलटणीचं नाव स्पष्ट. माझा नंबर स्पष्ट. त्या मेलेल्याच्या बाकीच्या घरच्यांचे चेहरे धूसर करतात, सुरक्षेसाठी म्हणे. माझ्या पोराचा चेहरा उघडा!

छबू टीव्हीसमोरून उठली आणि भाकरी टाकायला बसली. भाकरी करपली, तिच्या लक्षात आलं नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार

फोन सुरू झाले. शिव्या. हिंदीत, इंग्रजीत, एक मराठीतसुद्धा. एक जण बोलतच नाही, फक्त श्वास ऐकू येतो. छबू म्हणते नंबर बंद करा. मग हर्षल कुठे फोन करणार?

दुपारी एक चांगला फोन आला. "जय हिंद, सुभेदारसाब!" मी खाटेवरून ताडकन उठलो, पायाची टाच टाचेला लागली. इतक्या वर्षांनी! आपल्याच पलटणीचे नायब सुभेदार, यादव म्हणून. म्हणाले, बातमी पाहिली, साऱ्या पलटणीचं रक्त खवळलंय. हे मानवाधिकारवाले फक्त अतिरेक्यांसाठी रडतात, आपल्या पोरांसाठी कोण रडतं? जे मी भिंतीशी बोलत होतो, ते सगळं हा माणूस बोलला. चाचाची गोष्ट सांगितली त्यांना. बिभीषणची सांगितली. शांतपणे ऐकून घेतलं. बरं वाटलं. फार दिवसांनी कोणीतरी आपल्यातलं भेटलं.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनाला बोलावलं होतं, पहिल्या रांगेत खुर्च्या. छबू मागे बायकांत जाऊन बसली. कोणीतरी कुजबुजलं, "पोरगं तिकडं जिवावर उदार, आन् ही कॅमेऱ्यापुढं रडती." ज्यांनी फ्लेक्सखाली आपली नावं छापून घेतली, त्यातलाच एक. मी वळून पाहिलं तर झेंड्याकडे बघत होता.

संध्याकाळी हर्षलचा फोन, दुसऱ्याच्या मोबाईलवरून. "आप्पा, तो फ्लेक्स आधी काढा! साहेब भडकलेत. तुम्हाला कळायला नको?" पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवला त्याने. मग हळूच म्हणाला, मला आणि अजिनाथला रजेवर पाठवतायत. गुरुवारी पहाटेच्या गाड्यांतून खाली जम्मूला, मग झेलम एक्स्प्रेसने नगर. "कोणाला सांगू नका."

रामहरीला उठवून फ्लेक्स उतरवला. कडब्याच्या गंजीवर झाकलाय, चेहरा खाली करून. उतरवताना का म्हणून कोणी विचारलंही नाही. पण तो आता चौकात थोडाच राहिलाय?

२७ जानेवारी, सोमवार

एक पांढरी जीप वेशीजवळ उभी होती. पोरांनी सांगितलं. मी जाईपर्यंत नव्हती. टीव्हीवालेच असतील.

छबूला झोप नाही. दाराची कडी दोनदा बघते.

२८ जानेवारी, मंगळवार

यादवसाहेबांचा फोन. आता ते जम्मूला कॅम्पात आहेत म्हणे. पत्रकारांना हर्षलच्या रजेची कुणकुण लागलीय, गेटवर कॅमेरे घेऊन बसलेत. पोरांना मागच्या दाराने बाहेर काढायचं आहे. "वरून दोन वेगवेगळे निरोप आलेत, सुभेदारसाब. तुम्हाला पोराने कोणता दिवस सांगितला?"

पोरांमागे लागलेत, हलकट! माझ्या डोळ्यांसमोर तो लाल गोल आला. अजिनाथच्या तोंडाभोवतीही तसाच काढतील, आणि लंकाबाईच्या दारातही ती गोड मुलगी जाईल. एवढी वर्षं कोणी गेलं नाही, आणि आता जातील!

सांगितलं. म्हणाले, काळजी करू नका, आता ती आमची पोरं आहेत.

फोन ठेवल्यावर छबूने विचारलं, कोण? म्हटलं, पलटणीचे साहेब. आपली पलटण आपल्याला विसरत नाही, छबू. तिने हात जोडले.

२९ जानेवारी, बुधवार

छबूने पुरणाला डाळ काढून ठेवली. शनिवारी पोरं पोचतील. लंकाबाईला फोन केला, तीही नगर स्टेशनवर येते म्हणाली.

टीव्हीवर आज ती बाई नाही. कोणा नटाच्या लग्नाचं चाललंय. तिलाही टाकून दिलं यांनी.

३० जानेवारी, गुरुवार

सकाळी मी न्हाणीत होतो, फोन छबूने घेतला. बाहेर आलो तर कितीतरी दिवसांनी हसत होती. "तुमचे यादव हुते. सुभेदारसाब हैं क्या, म्हन्ले. पोरं निघाली का, म्हन्ले. म्या म्हन्लं, आवो, ते रामहरीच्या फ्लेक्सवरले सुभेदार, खरे हवालदार हायेत. तर फोनच ठिवला त्यांनी."

ज्या पलटणीत मी हाडं झिजवली, तिला माझा हुद्दा माहीत नाही?

यादवचा नंबर बंद. हर्षलचा बंद. अजिनाथचा बंद. नगरला कॅन्टोन्मेंटमध्ये साहेबांना फोन केला. सगळं सांगितलं. मग म्हणाले, आम्ही वर कळवतो, तुम्ही त्याला काय काय सांगितलंत ते आठवून लिहून काढा.

लिहितोय. गुरुवार सांगितला. पहाटेच्या गाड्या सांगितल्या. लंकाबाईच्या अजिनाथचं नाव सांगितलं.