तिच्यासमोर केलेला टोमॅटोभात

ता. ९ मार्च

ताई,

नमस्कार. तुझं पत्र पोचलं. गुडघ्यांचं दुखणं आता कमी असेल असं धरून चालतो. माझं ठीक आहे. चष्म्याच्या दुकानात सध्या अर्धाच दिवस जातो, काचा घासायचं उरलेलं काम मालक दुसऱ्याकडून करून घेतात. तुझी भावजय आहे तशीच आहे. उजवा हात, उजवा पाय हलत नाही, बोलता येत नाही. समजतं मात्र सगळं. व्यायाम करून घ्यायला बाई येतात, त्या म्हणतात, "धीर धरा." धरतोय.

जेवणाचं काय करता, असं तू विचारलंस. शेजारच्या काकू दोन्ही वेळचं आणून देतात. परवा रविवारी मात्र मी स्वतः टोमॅटोभात केला. हसू नकोस! तिच्या हातचा तो भात तूसुद्धा मागून मागून खायचीस. तीन महिन्यांत तिनं काहीच आवडीनं खाल्लेलं नाही, म्हणून म्हटलं, करून बघू. तिची चाकांची खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात आणून ठेवली आणि सांगितलं, "माझं चुकलं की डाव्या हातानं टकटक कर."

काय टकटक केली! मोहरी तडतडायच्या आत मी कांदा टाकला, टकटक. लवंगा म्हणून मिरी काढली, टकटक. टोमॅटोच्या एवढाल्या फोडी केल्या, तेव्हा तर तिनं कपाळालाच हात लावला आणि वाकड्या ओठांनी हसली. ताई, तीन महिन्यांनी हसली गं! त्या आनंदात माझं कढईकडे लक्षच राहिलं नाही. टोमॅटो तळाला लागले. करपल्याचा वास सुटला आणि तिचं हसू गेलं. ती माझ्याकडे एकटक बघायला लागली.

आता तुलाही सांगतो. मी कामावर गेल्यावर तिला झटका आला, असं मी तुम्हा सगळ्यांना सांगितलं होतं. ते खोटं आहे. त्या सकाळी ती माझ्या डब्यासाठी हाच भात करत होती. उशीर झाला म्हणून मी दारात उभा राहून कटकट करत होतो. तिच्या हातून झारा पडला. म्हणाली, "अहो, हात उचलत नाहीये. जीभ जड झालीय हो." शब्द खरंच अडखळत होते. मी म्हणालो, "पुरे झाली तुझी नाटकं." आणि डबा न घेताच निघालो.

गॅस तिनं कसाबसा बंद केला असावा. दुपारी काकूंना ती ओट्याखाली पडलेली सापडली. डॉक्टरांनी विचारलं, "इतका वेळ घरात कोणीच नव्हतं का? लवकर आणलं असतं तर..." मी मान खाली घालून म्हणालो, "नव्हतं कोणी."

रविवारी मी तिच्या पायाशी बसलो, गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "मी ऐकलं होतं तुझं. ऐकून गेलो." डाव्या हातानं तिनं माझा हात बाजूला केला. रागानं नाही. साडीला लागलेली काडी झटकावी, तसा.

मग त्याच कढईत भात परतला आणि वरवरचा, न लागलेला घेऊन मी भरवायला बसलो. तिनं तोंड उघडलं नाही. तेव्हापासून माझ्या हातचं पाणीसुद्धा घेत नाही. काकूंच्या हातून चार घास खाते. त्या मलाच समजावतात, "आजारी माणूस असंच करतं, मनाला लावून घेऊ नका." त्यांना काय सांगू?

काल तिला विचारलं, "ताईकडे राहायला जायचंय?" तिनं लगेच 'हो' म्हणून मान हलवली. माझी समजायला चूक झाली असेल म्हणून पुन्हा विचारलं. पुन्हा हलवली. मग न राहवून विचारलं, "कायमचं?" तिनं डोळे मिटले आणि मान हलवली.

ताई, मागणं मोठं आहे, पण ये आणि तिला घेऊन जा. तुझ्याकडे ती जेवेल. तिच्या कपड्यांची बॅग भरून ठेवली आहे. औषधांच्या वेळा मोठ्या अक्षरात लिहिल्या आहेत. आलीस की आधी तिच्याजवळ बस. माझ्याशी नाही बोललीस तरी चालेल.

भाऊ म्हणून सही करायला हात धजत नाही.

तुझा धाकटा