मातीची अट

मुलुंड (पूर्व),
बुधवार, १५ जानेवारी २०२५

प्रिय जयंतीस,
सप्रेम नमस्कार.

काल संक्रांत झाली. शेवंतीबरोबर तिळगूळ पाठवतेय. डब्यात तळाला चार वड्या आहेत त्या मऊ आहेत, तुझ्या दातांना चालतील. शेवंती म्हणजे आपल्या हॉलवर झाडलोट करते ती, भांडुपला तुझ्याच गल्लीत राहते. पत्रही तिच्याच हाती देतेय, कारण फोन तू उचलत नाहीस. मेसेज केला की निळ्या खुणा येतात आणि पुढे सामसूम. आठ वर्षं झाली बाई. स्वतः तुझ्या दारात यायची माझी हिंमत नाही. का नाही ते पुढे लिहिणार आहे, पण आधी इकडचं सांगते.

मंडळाचं कृषी प्रदर्शन यंदा चोवीस ते सव्वीस जानेवारी. नेहमीसारखंच मैदानात मांडव आणि हॉलमध्ये फळं-भाज्यांची टेबलं. आपले अध्यक्ष चंद्रप्रकाश, त्यांना ते एका दिवसावर आणायचं होतं. म्हणे शनिवारी एका रिसेप्शनला मैदान हवंय, मोठी पार्टी आहे. मी म्हटलं, मग पाटीवरचं ‘कृषी प्रदर्शन मंडळ’ पुसून ‘लग्न मंडळ’ लिहा ना, पेंटर मी बोलावते. ते हसले. मला हसायला नाही आलं. शेवटी तीन दिवस कायम झाले, पण मीटिंगमध्ये दोन तास घसा फोडून. पूर्वी अशी भांडणं करून घरी आले की भूक लागायची. आता नुसती आडवी होते.

नावं किती आलीत माहितीये? भाजी विभागात अठ्ठेचाळीस. आपल्या वेळेला टेबलं पुरायची नाहीत. गिरणीतून सुटलेली ती सगळी माणसं, चाळीच्या मागे, गटाराच्या कडेला, पत्र्यावर, मिळेल तिथे भोपळे चढवायची. आता एक बाई ताटलीत कापसावर उगवलेलं बोटभर गवत घेऊन आली. म्हणाली मायक्रोग्रीन आहे, कुठल्या विभागात बसेल? मी म्हटलं, बसव बाई कुठेही, तुझी ताटली छोटीच आहे. कंदमुळांत यंदा नऊ नोंदी. सुरण एकही नाही.

बाकी हॉल म्हणशील तर रोज एक नाटक. बायकांच्या बाथरूमचा नळ तिसऱ्यांदा बदलला. समोरच्या सोसायटीतले एक आजोबा रोज सकाळी येऊन विचारतात, आज कुणाचा आवाज आहे? साखरपुडा असला तर परत जातात, डीजे असला तर तिथेच खुर्ची टाकून बसतात आणि मला ऐकवतात. लाऊडस्पीकरच्या परवानगीला चार फेऱ्या झाल्या. गुडघे दुखतात. दमले गं मी, खरंच दमले. तेवीस वर्षं मंडळात आणि त्यातली नऊ सेक्रेटरीच्या खुर्चीत, पुष्कळ झालं.

काल दुपारी तुझी सून हॉलवर आली होती. प्रांजल. बाळाच्या बारशासाठी छोटा हॉल हवाय, येत्या रविवारी, एकोणीस तारखेला, चार वाजता. बाळ सव्वा महिन्याचं होतंय. मुलगी आहे हे तुला अनयने सांगितलंच असेल. मी तारीख बघितली, हॉल रिकामा होता, फॉर्म भरून घेतला. प्रांजल जरा सुकलीये, पण बरी आहे.

तर यंदा प्रदर्शनाला तू येऊन जावंस असं वाटतं. कंदमुळांतलं तुझ्याएवढं कळणारं कुणी उरलेलं नाही, तू परीक्षक म्हणून…

नाही गं. हे असं नाही चालणार.

वरचं सगळं सकाळी लिहिलं. पाकिटात घातलं, शेवंतीला हाक मारली, आणि ती दारात आल्यावर म्हटलं, जरा थांब, दुपारी देते. ती म्हणाली, ताई, पत्र हाय की कादंबरी? आता दुपार झालीये. जे लिहायचं म्हणून बसले होते ते सोडून मी नळाचं लिहिलं. आता सरळ लिहिते. मधे फाडू नकोस, शेवटपर्यंत वाच.

काल प्रांजल फॉर्म भरत होती. स्वागताच्या फलकावर घालायला घरच्या मोठ्या माणसांची नावं लागतात, तो रकाना आहे आपल्या फॉर्मवर. तिने आधी तिच्या आई-वडिलांची लिहिली. मग तुझं नाव लिहिलं, श्रीमती जयंती, आणि पेन तसंच धरून बसली. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, “काकू, आई येणार नाहीत. अनयने फोन केला होता. त्या म्हणाल्या, आधी तिने कबूल करावं, मग मी येते.”

मी पावतीपुस्तक पुढे ओढलं.

मग ती म्हणाली, “आठ वर्षं मी सांगतेय, सुरण मी नाही धुतला. टेबलावर ठेवला आणि बाहेर आले, हातसुद्धा लावला नाही परत. त्यांना वाटतं मला मातीची किळस, म्हणून मी गुपचूप धुतला आणि भर सभेत त्यांचं नाक कापलं. आता मला वाटतं, काकू, सांगून टाकावं हो मीच धुतला. रविवारी सकाळी भांडुपला जाते, त्यांच्या पाया पडते आणि सांगते. न केलेलं कबूल केलं तर काय मरतेय का मी? माझ्या मुलीला आजी तरी मिळेल.”

असं म्हणून तिने तुझ्या नावापुढे बरोबरची खूण केली आणि फॉर्म माझ्या हातात दिला. आणि मी तो घेतला, जयंती. शिक्का मारून पावती दिली. चहा घेशील का म्हणून विचारलं. तेवढंच जमलं मला.

सुरण मी धुतला होता.

आता लिहिलं गेलं एकदाचं. कसं झालं तेही ऐक. म्हणजे माफ कर म्हणून नाही सांगत, आठ वर्षं तू भलतीच्याच नावावर धरलेला हिशेब दुरुस्त व्हावा म्हणून.

आठ वर्षांपूर्वी प्रदर्शनाच्या रविवारी संध्याकाळी आपल्या त्याच हॉलमध्ये रिसेप्शन होतं, आठवतंय? दुपारी दोनला बक्षिसं आटपून पाचपर्यंत हॉल त्यांना द्यायचा होता. डेकोरेटरने घाई करून सकाळीच टेबलांवर त्यांची पांढरी साटीनची कापडं घालून ठेवली होती, वर आपली प्रदर्शनाची ताटं. बाराच्या सुमाराला त्या पार्टीचा माणूस बघायला आला. तुझा सुरण बघितला, नऊ किलोचा, चार वर्षं ड्रमात वाढवलेला, अंगावर ओली लाल माती, आणि खाली कापडावर हा एवढा डाग. तो माणूस माझ्यावर ओरडला, ये क्या कीचड़ रख्खा है. सगळ्यांसमोर ओरडला. मी सुरण उचलला.

आता तू म्हणशील, तुला अट माहीत नव्हती काय? कंद मातीसकट आणायचा, धुतलेला असेल तर तो बाजारचा धरून बाद, ही अट मीच दर वर्षी पत्रकात छापते. माहीत होती गं. पण तुझ्या ताटातली चिठ्ठी उलटी पडली होती. परीक्षकांनी तपासून झालं की चिठ्ठी उलटी ठेवायची, हे आपलं पहिल्यापासूनचं. मला वाटलं धोंडिराम सरांनी बघून झालंय, आता धुतला तर काय बिघडतं. डोक्यावर पंखा गरगरत होता, चिठ्ठी त्यानेच उलटली असणार. मागच्या नळावर नेला, काथ्याने खसाखसा घासला, पुसून स्वच्छ ताटात परत ठेवला. कापडाला डागावर पावडर लावली. मनात म्हटलं, जयंतीचा सुरण किती देखणा दिसतोय बघ धुतल्यावर.

अर्ध्या तासाने धोंडिराम सर त्या टेबलाकडे आले.

मला कळलं तेव्हा निकालाचा कागद माझ्या हातात होता आणि माईक समोर. क्रमांक सतरा, बाद, बाजारातून आणलेला. मी वाचला. तू तिसऱ्या रांगेतून उठलीस आणि ओरडलीस, “मातीसकट हाडलंय मी! वनमाला, तू बघितलंस ना गो माझा ड्रम? सांग त्यांका!”

बघितला होता. चारही वर्षं बघितला होता. दर मे महिन्यात कंद परत लावताना तू मला बोलवायचीस, आपण दोघी तिथेच पायरीवर बसून फणसाची भाजी खायचो. आणि मी माईकवर काय म्हणाले? “नियम तो नियम.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरी कशी कडक आहे, मैत्रिणीलाही सोडत नाही. चंद्रप्रकाशांनी पाठ थोपटली माझी.

माझे हात तेव्हा नुसते भणभणत होते, सुरणाची खाज. कोपरापर्यंत. मी पदराखाली हात घेऊन बसले होते आणि घरी जाऊन आमसुलं चोळली. तू जवळ असतीस तर एका नजरेत ओळखलं असतंस.

का नाही बोलले? त्या खुर्चीत मला वर्षही झालं नव्हतं. मंडळात पहिल्यांदा बाई सेक्रेटरी झाली होती आणि चौघेजण टपून बसले होते की हिची कुठे चूक होते. स्पर्धकाच्या वस्तूला हात लावला हे कळलं असतं तर त्याच दिवशी घरी पाठवलं असतं मला. म्हटलं, आज गप्प बसते, उद्या जयंतीला एकटीला सांगते, ती हसेल, चार शिव्या देईल. दुसऱ्या दिवशी कळलं तू प्रांजलला बोललीस. चार दिवसांनी कळलं अनय आणि ती चेंबूरला वेगळे राहायला गेले. मग सांगायचं म्हणजे नुसता सुरण धुतला एवढंच सांगणं राहिलं नव्हतं. जेवढे दिवस गेले तेवढं ते जड होत गेलं, आणि मी हॉलच्या कामात तोंड खुपसून बसले. लोक म्हणतात वनमालाताई मंडळासाठी राबतात. मी कशासाठी राबते ते मला माहितीये.

लाज वाटते गं. शब्द छोटा आहे पण दुसरा नाही माझ्याकडे.

एवढं लिहून मी पेन ठेवलं आणि प्रांजलला फोन केला. मुलुंडलाच आहे ती, माहेरी. सगळं सांगितलं.  ती म्हणाली, “काकू, तुम्ही?” बस.  मला वाटलं आता ओरडेल, मी तयार होते. पण ती रडायला लागली, आणि रडता रडताच म्हणाली, बाळ उठलंय, ठेवते. पाच मिनिटांनी तिचाच फोन आला. म्हणाली, “हे आईंना कोण सांगणार? मी सांगितलं तर त्यांना वाटेल मी तुमच्यावर ढकलतेय.” मी म्हटलं, मी लिहितेच आहे. तू भांडुपला जायचं नाहीस. तू पाया पडायचं नाहीस. खबरदार.

तर जयंती, आता तुझं तू बघ. तिने कबूल करावं म्हणत होतीस, कबूल करायचं होतं ते माझं होतं, मी केलंय. त्या पोरीने आठ वर्षं खरं सांगितलं आणि तू तिला खोटी म्हटलंस. ते माझ्यामुळे, पण तोंड तुझं होतं. हे लिहायचा मला काडीचाही अधिकार नाही, तरी लिहितेय. माझ्यावरचा राग तिच्यावर आणखी एक दिवससुद्धा काढू नकोस. मला काय बोलायचं ते बोल, लेखी पाठव, चारचौघांत बोल, मी ऐकेन.

सव्वीस तारखेला बक्षिसांच्या आधी हे सगळं मी माईकवर वाचून दाखवणार आहे, तू आलीस तरी आणि नाही आलीस तरी. चंद्रप्रकाशांना आत्ताच कळवलं. ते म्हणाले, अहो, जुनं कशाला उकरता, मंडळाची वाट लागेल. मी म्हटलं, लागू दे. राजीनामा त्याच दिवशी देतेय. हॉल कुणीही चालवेल हो, नळ कुणालाही बदलता येतो.

रविवारी चारला बारसं. आपल्याच हॉलच्या पहिल्या मजल्यावर, जिन्याला कठडा आहे डाव्या बाजूला, हळू चढ. त्या दिवशी मी तिथे नसेन. किल्ल्या शेवंतीकडे देऊन ठेवते, कुणी मधे येणार नाही, कुणाकडे बघून मान वळवायची वेळ तुझ्यावर येणार नाही. तू फक्त जा. आधी प्रांजलशी बोल, जे बोलायचं ते तुला कळतंय. मग बाळाला मांडीवर घे.

वनमाला