शालन, भिशी मोबाइलात गेली नाही

प्रिय शालन,

जयभीम गं. तू गेलीस आणि चाळीतल्या बायकांची भिशी माझ्या गळ्यात पडली. आज पहिल्यांदा माझ्या घरी बसलो, आणि पहिल्याच दिवशी भांडण! सांगू कोणाला? तुझ्या दाराला कुलूप. म्हणून चौथी शिकलेल्या हाताने लिहिते. अक्षराला हसू नकोस.

आधी आनंदाची बातमी. माझी ऋतुजा नोकरीला लागली! अंधेरीला, थंडगार ऑफिसात बसते. पहिल्या पगारात नातीने मला चप्पल आणली, इतकी मऊ की चालताना वाटतं कोणी पाय चेपतंय. तू बघायला हवी होतीस गं. असो, चप्पल राहू दे.

भांडण तिनेच लावलं. म्हणाली, "आजी, भिशीचे पैसे क्रिप्टोत टाकू या. नवा पैसा आहे. मध्ये बँक नाही, सरकार नाही. आणि वाढतो पण झकास."

कुसुम म्हणाली, "दाखव की ते नाणं."

"मावशी, ते दिसत नाही. मोबाइलात असतं. त्याला पासवर्ड असतो."

"आणि तो विसरला तर?"

"तर गेलं. पण विसरायचं नाही ना!"

"अगं, चष्मा डोक्यावर असतो नि मी घरभर शोधते!"

हसता हसता माझा चहा सांडला. पण वंदना ऐकेना. तिच्या भावाचे म्हणे दुप्पट झाले. मी विचारलं, काढून घेतले का त्याने? तर नाही, अजून वाढायची वाट बघतोय. आणि उतरले तर? ऋतुजा म्हणते, खालीवर होतंच. मग त्या पैशाने तांदूळ कसा घ्यायचा गं? सकाळी पाच किलो येणार, संध्याकाळी दोन?

तेव्हा पोरगी चिडली. "आणि तुमच्या नोटा? नोटबंदीत एका रात्रीत कागद झाल्याच ना?"

खोटं कुठे होतं ते?

मला मात्र तूच दिसलीस. तेव्हा आमचे हे दवाखान्यात होते आणि भिशी तुला लागली होती. लेकीच्या लग्नाची भांडी घ्यायची होती तुला. तू म्हणालीस, "माझं बघू पुढे, आधी पारूचं." साऱ्या जणी बँकेच्या रांगेत उभ्या राहिल्या आणि मिळतील तेवढ्या नव्या नोटा माझ्या पदरात टाकल्या. हे घरी आले. पुढे कितीतरी वर्षं माझ्याशी भांडायला होते!

हेच ऋतुजाला सांगितलं. म्हटलं, तुझ्या त्या मोबाइलात अशा वेळी कडी कोणाची वाजवायची? ती म्हणाली, "कोणाचीच नाही, आजी. कोणावर भरवसा ठेवायला लागू नये म्हणून तर ते काढलंय." तरणीताठी पोर, आणि तिला कोणाचा भरवसा नको?

भिशी रोखच राहिली. वंदना फुगून गेली, येईल उद्या चहाला. ऋतुजाने स्वतःचे थोडे टाकलेत तिथे. टाकू दे, कमावती आहे.

पण शालन, एक विचारू? गेल्या वर्षी भिशी मला लागली, मी फ्रिज घेतला. तू येऊन बसलीस, थंड पाणी प्यालीस, आणि स्वतःच्या दुखण्याबद्दल, औषधाला पैसे नाहीत याबद्दल अवाक्षर काढलं नाहीस! का गं? माझ्याकडे मागायला लाज वाटली? तो फ्रिज मी दुकानदाराच्या दारात नेऊन ठेवला असता! आता तू या जगात नाहीस, आणि मी पाणी काढायला फ्रिजचं दार उघडते नि तिथेच उभी राहते. सून ओरडते, "आई, दार लावा, लाईट जळतेय."

यापुढे चिठ्ठी काढण्याआधी मी एकेकीला विचारीन, कोणाला अडचण आहे का म्हणून. एखादी तुझ्यासारखी मान हलवून 'काही नाही' म्हणाली, तर तिच्या घरी जाऊन बसेन. खरं बोलेपर्यंत उठणार नाही. हा माझा शब्द.

तुझी,
पारू