अबोल्याचा नियम

यवतमाळ
२ सप्टेंबर

चि. पायल,

सप्रेम जय भीम. मी बरी आहे. आजी बरी आहे, गुडघा सोडून. पाऊस थांबायचं नाव घेत नाही, अंगणातला कढीपत्ता पार आडवा झाला. तुझं ट्रेनिंग, जेवणखाण ठीक असेलच असं धरून चालते, कारण विचारायची दुसरी सोय तू ठेवलेली नाहीस. व्हॉट्सअ‍ॅपवर माझ्या मेसेजला एकच टिक येते. आजीच्या फोनवरून लावला तर उचलतेस आणि माझा आवाज आला की "रेंज नाही" म्हणतेस. म्हणून हे पत्र, स्पीड पोस्टानं. हे तरी ब्लॉक करता येत नाही.

पत्र कामाचं आहे, हे आधीच सांगून ठेवते. उगाच वेगळं काही समजू नकोस.

उकंडा पोडावर माझं डोकं फिरायची वेळ आली आहे. राळेगावच्या पुढं फाट्यावरून आत, ती कोलामांची वस्ती. बारावीच्या सुट्टीत तू तिथं पोरींना सायकल शिकवायला गेली होतीस आणि महिनाभर परत यायला तयार नव्हतीस, तीच. सात वर्षं झाली मी तिथं प्रकल्प चालवते. 'आदिवासी महिला व किशोरी सक्षमीकरण प्रकल्प'. नाव एवढं मोठं की बॅनरवर दोन ओळी लागतात. तो बॅनर सध्या मैनामायच्या बकऱ्यांवर आहे. गोठा गळत होता, तिनं काढून नेला. मी ओरडले तर म्हणते, "अवं, बकऱ्या बी बायाच हायेत. होऊ दे थोड्याशा सक्षम." सगळ्या खदखदा हसल्या. बायांच्या गटाची अध्यक्ष ही!

संस्थेच्या पुण्याच्या ऑफिसनं पुन्हा शिलाई मशिनी पाठवल्या. कुणी मागितल्या होत्या? एकीवर धनीबाईची कोंबडी अंडी घालते. ऑफिसला फोटो हवा असतो, मशीन, मुलगी आणि हसू. मुलगी मशीनवर बसायला तयार आहे, पण कोंबडी उठत नाही. मी काय काय करू? एकटीनं किती ठिकाणी मरायचं?

आता मुद्द्याचं. धनीबाई टेकामच्या पल्लवीचा नर्सिंगला नंबर लागला. इथंच, यवतमाळला. पोडातली पहिली पोरगी. पुढच्या बुधवारपर्यंत, १० तारखेपर्यंत, हजर व्हायचं आहे, नाहीतर जागा दुसरीला जाते. आणि धनीबाई नाही म्हणते. नाही म्हणजे नाही. कारण विचारलं की निंदणाचं सांगते, चुलीचं सांगते, नवऱ्याच्या खोकल्याचं सांगते. मी बोलले असते तर अर्ध्या तासात तिला पटवलं असतं. पण मला तोंड उघडायची बंदी आहे.

हो, बंदी. मला. प्रकल्पप्रमुखाला.

त्या बायांच्या गटाचा एक नियम आहे, त्यांनीच केलेला. ज्या बाईच्या घरात अबोला आहे, तिनं दुसरीच्या घरच्या भांडणात बोलायचं नाही. आधी आपल्या घरी बोलून ये, मग इथं बोल. मैनामायच एकदा सुनेशी कट्टी करून बसली होती आणि बैठकीत येऊन दुसऱ्यांच्या सुनांना अक्कल शिकवत होती, तेव्हा बायांनी हा नियम काढला. मला इतका आवडला की पुण्याच्या मोठ्या मीटिंगमध्ये पडद्यावर दाखवला. टाळ्या पडल्या. आता तोच माझ्या मानगुटीवर बसला आहे.

त्यांना कळलं कसं? मैनामाय येता-जाता म्हणते, "पायलले फोन लाव ना, पोट्टीचा आवाज आयकू दे." एकदा मी म्हटलं, क्लासमध्ये असेल. एकदा म्हटलं, झोपली असेल. दुपारी बारा वाजता! मग ती माझ्याकडे बघतच राहिली. "बोलत नाई ना तुमी दोघी?" मी रजिस्टर उघडून बसले. झालं, सगळ्या पोडात बोंब. मी म्हटलं, अगं मी गटाची सदस्य नाही, मी प्रकल्पाची प्रमुख आहे. तर धनीबाई म्हणते, "मंग तं तुले अजूनच नाई."

तेव्हा एवढंच कर. रविवारी बैठक आहे. त्याआधी मैनामायला फोन लाव आणि सांग, आमचं चांगलं आहे, आई रोज बोलते. दोन वाक्यं. पुढचं आपलं आपण पाहून घेऊ.

तू म्हणशील, आई, तू पोडावर सांगतेस पोरींनी कुठलंही काम करावं, आणि मी एसटीत ड्रायव्हर व्हायला निघाले तर तुझा जळफळाट. हो, झाला. बी.एस्सी.ला फर्स्ट क्लास, दोन वर्षं स्पर्धा परीक्षेचा अभ्यास, आणि एक दिवस येऊन सांगतेस की ड्रायव्हर म्हणून निवड झाली. कुणाच्याही आईचं डोकं फिरेल. दिवाळीत मी जे बोलले ते इथं लिहीत नाही, तुला पाठ असेल. माझी आणखीही कारणं आहेत. ती पत्रात मावत नाहीत.

फोन तेवढा कर. माझ्यासाठी नाही, पल्लवीसाठी.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

आई


यवतमाळ
१० सप्टेंबर

पायल,

जय भीम. आजीचा गुडघा तसाच आहे. पाऊस उघडला. संपला मायना.

दोन वाक्यं सांगितली होती तुला! दोन! तीही बैठकीच्या आधी, मैनामायच्या कानात. तू बरोबर भर बैठकीत फोन केलास, आणि त्या बाईनं तो स्पीकरवर टाकून घमेल्यावर ठेवला. चावडीत चाळीस बाया. त्यात तुझा आवाज: "मैनामाय, आईनं मले खोटं सांगाले सांगतलं. मी नाई सांगत. ती माह्याशी बोलत नाई अन मी तिच्याशी बोलत नाई. पन पल्लवीले धाडा."

जमिनीनं मला पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. तुझं पुढचं भाषण मात्र कुणी ऐकलं नाही. मैनामाय म्हणाली, "तुह्याबी घरात अबोला हाये, तू बी नोको बोलू," आणि फोन कट. तुला वाईट वाटलं असेल. मला, खरं सांगते, त्या क्षणी बरं वाटलं.

मग मला दाराशी बसवलं. चपलांपाशी. मी किती तयारी करून गेले होते! वसतिगृहाचे फोटो, शिष्यवृत्तीची माहिती, तीन मुलींच्या यशोगाथा. सगळं पिशवीतच राहिलं. म्हटलं, आता बघते या बाया धनीबाईला कशा पटवतात ते.

त्यांनी पटवलंच नाही. मैनामायनं नुसतं विचारलं, "धने, तुले काय होते?" धनीबाई सुरू झाली. निंदणाले हात कमी पडते. बरं, अजून? बुड्याले खोकला हाये. बरं, अजून? शिकली तं तिले आपली बोली बोलाची लाज वाटंन. अजून? कुणी मधे बोललं नाही, कुणी हिशेब सांगितला नाही, "असं नसतं गं" म्हटलं नाही. मी असते तर पहिल्याच वाक्याला खोडून काढलं असतं, तू ओळखतेस मला. मी दाराशी बसून चपला जोडीनं लावत होते. शेवटी तिचं सांगायचं संपलं आणि ती पदरानं तोंड पुसायला लागली. मग म्हणाली, "मले भेव लागते व माय. ती तिकडं झोपंन अन मी इकडं. रातच्याला तिले काई झालं तं मले सकाळी कळंन."

पायल, मी उठून बाहेर गेले.

तू नऊ वर्षांची होतीस. तुझे बाबा एसटीची मुक्कामी गाडी घेऊन गेले होते. रात्री फोनवर बोलले होते माझ्याशी, उद्या येताना शेंगा आणतो म्हणाले. सकाळी कंडक्टर चहा घेऊन उठवायला गेला तर ते उठलेच नाहीत. हार्ट. झोपेतच. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसेल. सगळे मला हेच सांगत होते, त्रास झाला नसेल. मला एवढंच कळत होतं की मी रात्रभर निवांत झोपले होते. आपण यावर कधी बोललो नाही. मी बोलू दिलं नाही. फोटो पुसायचा, हार घालायचा आणि कामाला लागायचं.

आणि तू एसटीत निवड झाल्याचा कागद घेऊन आलीस. किती खूश होतीस! मला एकदम तो चहाचा कप घेतलेला कंडक्टर दिसला, आणि तोंडातून निघालं, "तुझ्या बापानं स्टिअरिंग धरून काय दिवे लावले, ते आता तू लावणार?"

हे वाक्य मी मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं. आता लिहिलं. त्याच स्टिअरिंगवर माझं एम.एस.डब्ल्यू. झालं, त्याच स्टिअरिंगवर हे घर उभं राहिलं. मला काय हे माहीत नव्हतं? भीती वाटते म्हणायचं सोडून मी त्या माणसाचा अपमान केला, तोही त्याच्या पोरीसमोर. आणि तू गेल्यावर फर्स्ट क्लासचं, स्पर्धा परीक्षेचं तुणतुणं वाजवत बसले. ते सगळं खोटं होतं. तू कलेक्टर झाली असतीस आणि दौऱ्यावर कुठं झोपली असतीस, तरी मी भ्यालेच असते.

बाहेर बाभळीखाली मी रडत होते तर पल्लवी आली. मला वाटलं, पाणी घेऊन आली. कसलं काय! "ताई, आत चाल, माह्यं राह्यलं," म्हणाली आणि हात धरून ओढतच नेलं. आत जाऊन मधोमध उभी राहिली. "माय रडली तरी मी जातो. पन तिनं रडत बसू नये म्हनून तुमी काईतरी करा." बास, एवढंच बोलून खाली बसली. यशोगाथा वगैरे झक मारतात तिच्यापुढं.

मग बायांनी ठरवलं ते असं. धनीबाईनं लेकीसोबत यवतमाळला जायचं, ती झोपणार ती जागा डोळ्यांनी पाहायची, आणि मन बसेपर्यंत इथंच राहायचं. कुठं? आपल्या घरी! मला विचारलंसुद्धा नाही. निंदण बाकीच्या वाटून घेतील. नवऱ्याचा खोकला मैनामाय पाहील, म्हणाली, "त्याले मी खोकूच देत नाई." आज सकाळी पल्लवी हजर झाली. नाव लागलं. धनीबाई तिच्या खाटेवर दोनदा बसून आली, खिडकीची कडी लावून पाहिली, वॉर्डनबाईला म्हणाली, "रातच्याला एकडाव पाहून घेत जा." आत्ता ती स्वयंपाकघरात आजीच्या गुडघ्याला कसलंसं तेल चोळते आहे आणि दोघी माझ्या भाजीला नावं ठेवताहेत.

पण बैठक तिथं संपली नव्हती. मैनामाय माझ्याकडे वळली. "आता तू सांग. तुले काय होते?"

मी म्हटलं, माझं राहू द्या, उशीर झाला. कुणी उठेना. चाळीस बाया नुसत्या बसून. मी इतक्या वर्षांत इतक्या स्टेजवरून बोलले, पण ती चार अक्षरं त्या सगळ्यांवर जड होती. म्हटलं, मले बी भेव लागते. मग सगळं सांगितलं. बाबांचं, दिवाळीचं, ते वाक्यसुद्धा. कुणी "असं नसतं गं" म्हटलं नाही. "अजून?" एवढंच विचारत राहिल्या.

निवाडा धनीबाईनं दिला. तिच्या घरी अबोला नव्हता ना, तिला हक्क होता! म्हणाली, "मी माह्या पोट्टीची झोपाची जागा पाहाले जातो. तू बी जा. तुह्या पोट्टीच्या गाडीत बस." मैनामायनं वरून जोडलं, "अन तोंड बंद ठेवजो." बैठकीचा निवाडा मोडता येत नाही, तू जाणतेस. मोडला तर मला पोडात कुणी पाणीही विचारणार नाही.

तेव्हा ऐक. पुण्याच्या भाषेत नाही लिहीत आता. माह्या बोलन्याचं तुले लय लागलं, मले माहीत हाये. माफ कर म्हनतो, पन लगेच कर असं नाई म्हनत. तुले जवा वाट्टे तवा कर. फोन नाई उचलला तरी चालंन, नुसतं आजीजवळ सांग, तुले गाडी कोन्त्या दिवशी भेटनार अन कोन्त्या रस्त्याची. मी तिकीट काढून बसतो. खिडकीपाशी. ब्रेक मार म्हननार नाई, हळू चालव म्हननार नाई.

भेव गेलं असं समजू नोको. ते काई जात नाई. बायांले मुक्कामी गाडी देतात का नाई, मले ठाव नाई. पन दिली, तं तुही पयली मुक्कामी गाडी ज्या गावाले जाईन, त्या गावाले मी तुह्या संगं येतो. कुठंबी पडून राहीन, एसटीच्या बाकड्यावर बी चालंन. तुह्या ड्युटीत लुडबूड करनार नाई. फक्त सकाळी चहा घेऊन तुले उठवाले मी येईन, दुसरं कोनी नाई.

तुझी,
लय भ्यालेली,
आई